वालूरची पाहुणी गेल्यावर

नांदेडची मंडळी सकाळी गेली आणि राजेश्री खराटा घेऊन शेतातल्या खोल्यांकडं आली, तेव्हा पलंगाखाली तिला कोंबडीचं हाड दिसलं. त्याला मुंग्या लागल्या होत्या. मोरीत भातासकट पातेली पडली होती, उशीच्या अभ्र्याला कुणीतरी तेलाचे हात पुसले होते, आणि बाहेरच्या आगटीत, जिथं हुरड्याची कणसं भाजायची तिथं, पाण्याच्या बाटल्या अर्धवट जळून चिकटल्या होत्या.

बोरीपासून थोडं आत, पाझर तलावाच्या कडेला योगीराजचं शेत होतं. राहायचं घर बांधाच्या अलीकडं. पलीकडं त्यानं दोन खोल्या बांधल्या, पुढं ओसरी काढली, आत गॅस आणि भांडी ठेवली आणि रस्त्यावर 'शिवार कृषी पर्यटन' अशी पाटी लावली. ज्वारी हुरड्यात आली की परभणी, नांदेड, पार पुण्याहून लोक येत. दिवसभर हुरडा खात, तलावाकाठी फोटो काढत, मुक्काम करत आणि निघून जात. त्यांच्या मागं उरायची ती राजेश्री आणि तिचा खराटा.

"जाताना निदान खरकटं तरी काढा म्हणावं की त्यांना," ती नवऱ्याला म्हणायची.

"पैसे देऊन येतेत ती माणसं. त्यांच्या हातात झाडू द्यायचा का?"

"झाडू द्या म्हणलं का मी? आपण कुणाकडं गेलो तर आपलं ताट उचलतो का न्हाई?"

"ते घर असतंय. हे हॉटेलावानी हाय."

"हॉटेलात नोकर असतेत. इथं कोण हाय?"

मग योगीराजला मोटार चालू करायची आठवण यायची. एकदा राजेश्रीनं पुठ्ठ्यावर स्वतःच्या हातानं लिहून लावलं होतं, 'जाताना भांडी धुऊन ठेवावीत, कचरा पिशवीत भरावा.' योगीराजनं तो पुठ्ठा दोन दिवसांत काढला. लोकांना वाईट वाटतं म्हणाला. राजेश्रीला काय वाटतं ते काही त्यानं विचारलं नाही.

सासूनं, लक्ष्मीबाईनं, यावर आपलं मत दिलं होतं. "वालूरची असती तर कुरकुर न करता केलं असतं."

सासू तशी वाईट नव्हती. राजेश्रीच्या दोन्ही बाळंतपणांत तिनं तिला पाण्यात हात घालू दिला नव्हता. पण तिच्या जिभेवर 'वालूरची' हा शब्द बसला होता तो बसलाच. योगीराजसाठी आधी वालूरच्या किशनरावांची मुलगी पाहिली होती. मुलगी पसंत पडली, बैठक ठरायची तेवढी राहिली होती, आणि मध्येच पुण्याचं नोकरीवालं स्थळ आलं. किशनरावांनी मुलगी तिकडं दिली. मग पालमची राजेश्री या घरात आली. ती आल्यापासून लक्ष्मीबाईला वालूरच्या त्या घराची आठवण यायची. काय ते घर, काय तो उंबरा, जमिनीवर दाणे सांडले तर वेचून खावेत इतकं स्वच्छ. पोरीचं वळणच तसं. भाकरी करपली की वालूरची, ओसरीत केर दिसला की वालूरची, पोरं आजारी पडली तरी वालूरची.

राजेश्रीनं त्या मुलीला कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळं ती फार देखणी होती. तिच्या हातून कधी काही सांडत नव्हतं, तिचं पातळ चुरगळत नव्हतं आणि तिला कधी उशिरा जाग येत नव्हती. भांडी घासता घासता राजेश्री तिच्याशी मनातल्या मनात भांडायची, आणि भांडणातही तीच हरायची.

संक्रांत होऊन गेल्यावरच्या शनिवारी पुण्याची एक गाडी आली. नवरा, बायको आणि शाळेतली एक मुलगी. नवरा बुटका, चष्मेवाला, पोट सुटलेला. त्यानं उतरल्या उतरल्या हात जोडून आपलं नाव नागेश असं सांगितलं. बायको मागून उतरली. डोक्यावरचा गॉगल काढून तिनं इकडंतिकडं पाहिलं. उन्हात बसलेल्या लक्ष्मीबाईनं हाताची सावली डोळ्यांवर धरली.

"तू किशनरावाची राजनंदिनी न्हवं?"

"अगंबाई, काकू तुम्ही?" ती हसली आणि वाकून पाया पडली.

राजेश्रीच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि पाहुण्यांना द्यायचा विसरून तशीच उभी राहिली. इतकी वर्षं जिच्याशी भांडली ती समोर उभी होती. रंगानं आपल्याहून काळीच, हे तिनं आधी पाहिलं. केसांत पांढरं होतं. अंगानं थोराड झालेली. राजेश्रीला जरा बरं वाटलं. पण राजनंदिनी बोलायला लागली की माणसं तिच्याकडं बघत राहायची, आणि लक्ष्मीबाईचं तोंड तर असं उजळलं होतं, जसं माहेरचं माणूस भेटलंय.

राजेश्रीनं योगीराजला गोठ्याआड गाठलं.

"तुमाला ठाऊक व्हतं का, कोण येणारै ते?"

"न्हाई. फोन तिच्या मालकाचा व्हता," तो म्हणाला आणि पेंढीची दोरी सोडायला लागला. दोरी सुटलेलीच होती.

ते दोन दिवस राजेश्रीनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. योगीराज इस्त्रीचा शर्ट घालून आगटीजवळ बसला. एरवी तिथं तो फाटक्या बनियनवर बसायचा. गरम कणसं तळहातावर चोळून दाणे काढायचा आणि पहिला घास पाहुण्यांच्या ताटलीत टाकायचा. ते तो सगळ्याच पाहुण्यांना करायचा, पण राजेश्रीला ते आजच दिसलं. राजनंदिनी लक्ष्मीबाईजवळ बसून वालूरच्या गोष्टी सांगायची, बोलता बोलता तिची भाषा पुण्याहून घसरत मराठवाड्यात यायची, आणि सासू हसून हसून डोळे पुसायची. राजेश्री चुलीपाशी भाकरी थापत होती. सासू आपल्याबरोबर अशी कधी हसली ते तिला आठवेना.

"काकू, तुमच्या सुनेच्या हाताला चव आहे हां," राजनंदिनी लसणाची चटणी चाटत म्हणाली.

"व्हय. करती बरं," लक्ष्मीबाई म्हणाली.

ते 'बरं' राजेश्रीला टोचलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि स्वतःला समजावलं, चटण्या खाणं सोपं असतं. जाताना बघू. ही पुण्याची माणसं, शेवटी जायची तशीच जाणार. पलंगाखाली काहीतरी सापडेल. मोरी तुंबेल. मग आत्याबाईंना हाताला धरून नेईन आणि म्हणेन, या, बघा तुमची वालूरची. या एका विचारावर तिनं रविवार काढला. मुलीनं, साक्षीनं, ओसरीत बोरांच्या बिया टाकल्या तेव्हा तर तिला आनंदच झाला. तिनं त्या उचलल्या नाहीत. राहू दे म्हणाली.

सोमवारी पाहुणे निघायच्या वेळेला ती मुद्दामच हरभऱ्याची भाजी खुडायला वावरात गेली. त्यांना निरोप देण्याची तिची इच्छा नव्हती. गाडीचा हॉर्न ऐकू आला, आपलं नाव घेऊन कुणी हाक मारल्याचंही ऐकू आलं, पण ती हरभऱ्यातून उठली नाही. गाडीची धूळ रस्त्यावर बसली तेव्हा ओटीतली भाजी बांधावर ओतून ती खोल्यांकडं निघाली. जवळजवळ पळतच.

ओसरीच्या पायरीशी ती थांबली. दारात रांगोळी काढलेली होती. लहानशीच, कमळाची, मध्ये हळदीकुंकवाची चिमूट. कोनाड्यात राजेश्रीचीच रांगोळीची डबी होती, तीच उघडून काढलेली.

ती बाजूनं आत गेली. फरशी पुसलेली, अजून ओलसर. चादरी घडी करून पायथ्याशी, अभ्रे काढून वेगळे बांधलेले. मोरीत पाण्याचा थेंब नव्हता. भांडी पालथी घातलेली, आणि त्यांत चहाचं ते पातेलं, ज्याच्या बुडाच्या काजळीचा नाद राजेश्रीनं कधीच सोडून दिला होता, ते आरशासारखं चमकत होतं. तवासुद्धा. पलंगाखाली ती गुडघ्यावर बसून वाकली. काही नव्हतं. बोरांच्या बिया नव्हत्या. कचऱ्याची पिशवी गाठ मारून दाराशी ठेवलेली, सहज उचलता येईल अशी.

पाहुण्यांनी जाताना असंच करावं म्हणून तीच नवऱ्याशी भांडत आली होती. आता कुणीतरी केलं होतं, मागितलं होतं त्याच्या दहापट केलं होतं, आणि तिला वाटलं, आपल्याला कुणीतरी घराबाहेर काढलंय. दुसऱ्याच्या दारात रांगोळी कोण काढतं? ज्या बाईचं घर असतं ती काढते. थोड्या वेळानं आत्याबाई काठी टेकत येतील. हे सगळं बघतील. काही बोलणार नाहीत, नुसतं पातेलं उचलून उन्हात धरतील. आणि मग आयुष्यभर हे पातेलं ऐकावं लागेल. योगीराज येईल आणि रांगोळी ओलांडताना पाय उचलून टाकेल.

तिनं रांगोळीवरून पाय फिरवला. एकदा फिरवला तेव्हा कमळ नुसतं पसरलं, म्हणून आणखी दोनदा.

त्यानंतर तिनं काय केलं हे सांगायला फार वेळ लागत नाही, तिला करायलाही लागला नाही. पिशवीची गाठ सोडून तिनं ती खोलीच्या मधोमध उपडी केली. कांद्याची सालं, हुरड्याचा भुसा, बोरांच्या बिया पायानं पलंगाखाली सारल्या. चुलीतली राख आणून पातेल्याला आणि तव्याला फासली, वर थोडं दूध ओतलं. चादरी विस्कटल्या. आगटीपाशी पडलेलं खरकटं मोरीत नेऊन टाकलं. मग ओसरीत येऊन बसली आणि हाक मारली, "आत्याबाई, जरा इकडं या."

लक्ष्मीबाई आली. दारातच उभी राहिली.

"हे तिनं केलं?"

"मी आले तवा असंच व्हतं."

"दिसायला तशी," लक्ष्मीबाई सावकाश म्हणाली, "पर वळण न्हाई गं पोरीला. माझंच चुकलं बघण्यात."

राजेश्रीला ते शब्द गुळासारखे लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सासूनं खाली बसून स्वतः कांद्याची सालं गोळा केली, "तुझ्या जिवाला लय ताप हाय बाई," असं म्हणाली आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. योगीराज आला, त्यानं खोली पाहिली, आणि त्याची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी तो बोरीहून रंगवलेली लोखंडी पाटीच घेऊन आला. 'जाताना स्वच्छता करणे सक्तीचे आहे.' ती त्यानं भिंतीत खिळे ठोकून लावली.

"तू म्हणत व्हतीस ते बराबर व्हतं," तो म्हणाला.

चार-आठ दिवस राजेश्री सुखात होती. घरात 'वालूरची' हा शब्द निघेनासा झाला होता. निघाला तरी वेगळ्या सुरात निघायचा. हळदीकुंकवाला बाया जमल्या की लक्ष्मीबाई आपणहून ती गोष्ट सांगायची, आणि दर वेळी मोरीतलं खरकटं थोडं वाढायचं. राजेश्री जवळ बसून वाण द्यायची आणि काही बोलायची नाही. फक्त एकदा तिला मालनबाईचा चेहरा दिसला आणि मनात काहीतरी खटकलं. शेजारच्या वस्तीवरच्या मालनबाईचं माहेर वालूरचं होतं.

आणि तसंच झालं. पंधरवडाही गेला नसेल, लक्ष्मीबाईला फोन आला. राजनंदिनीची आई, नर्मदाबाई. लक्ष्मीबाईला कमी ऐकू यायचं म्हणून फोनचा आवाज मोठा होता, घरभर ऐकू गेला.

"बाई, माझ्या लेकीनं तुमचं घर घाण करून टाकलं म्हणून इथं गल्लीत चर्चा चाललीय. तुमी असं बोललात का?"

"मी डोळ्यानं बघितलंय, बाई."

"मग या. समोर बसून सांगा मला."

"येते की. भेते का काय? माझ्या सुनंला घेऊन येते. समदी घाण तिनंच काढलीय, तिलाच इचारा."

राजेश्री म्हणाली, आत्याबाई, जाऊ द्या, एवढं काय. योगीराजही म्हणाला, कामून वाढवायलीस. पण लक्ष्मीबाई खोटी पडणारी बाई नव्हती. तिनं ठेवणीतलं पातळ काढलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघी बोरीच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत उभ्या राहिल्या. गाडीत लक्ष्मीबाई खिडकीशी बसली आणि काय काय बोलायचं ते घोकत राहिली. दूध सांडलं व्हतं ना? आन् तव्याला राख? राजेश्री हो म्हणत होती. वालूर लवकर येऊ नये असं तिला वाटत होतं, पण वालूर काही लांब नाही.

किशनराव वावरात गेले होते. नर्मदाबाई एकटीच घरी होती. वाळलेल्या अंगाची, ताठ बसणारी बाई. तिनं पाणी दिलं, सतरंजी टाकली आणि समोर बसली.

"सांगा."

लक्ष्मीबाईनं सांगितलं. मोरी, दूध, राख, कचऱ्याची पिशवी. नर्मदाबाईनं मध्ये एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लेकीनं केलं म्हणाल तर मी मानते. तिचा मला भरवसा न्हाई."

लक्ष्मीबाई बघतच राहिली.

"तिनं जल्मात खराटा धरला न्हाई, बाई. तुमी पोरगी बघायला आलतात न्हवं, त्या दिशी घर मी न् माझ्या जावंनं सारवलं. ती आरशापुढं बसून व्हती. पर तिच्या संगं जावई व्हता. आमचा जावई जिथं ऱ्हाईल तिथं भांडं खरकटं ऱ्हात न्हाई. इथं आला तर माझी मोरी घासून जातो. गल्लीतल्या बाया हसतेत. पुण्याला बी समदं त्योच बघतो. तिला म्हणतो, तू बस."

राजेश्री खाली सतरंजीकडं बघत होती. तो बुटका चष्मेवाला माणूस. बाह्या वर करून आपल्या मोरीत बसलेला, आपलं पातेलं मांडीत धरून घासणारा. आणि राजनंदिनी तिकडं घराकडं, उन्हात सासूशी गप्पा मारत बसलेली. खरं तर त्या वेळी राजेश्रीला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी तिच्या काळजात गेलं ते 'तू बस'. हिला हेही मिळालं, असं तिच्या मनात आलं.

"मला फोनवर त्यानं समदं सांगितलं व्हतं," नर्मदाबाई बोलत होती. "फरशी पुसली, तवा घासला, पोरीनं दारात रांगोळी काढली. मीच म्हणलं, भाडं देऊन ऱ्हायलात तर एवढं कामून करता? तर म्हणला, आई, आपल्या मागून ती बाईच येणार ना आवरायला. तिनं दोन दिवस चुलीपाशी बसून आपल्याला खाऊ घातलं. आन् आता हे कानावर गेल्यापासून रोज फोन करतो. काय ऱ्हायलं व्हतं म्हणून इचारतो. त्याला वाटतंय, सामान काढताना पिशवी फाटली असंल न् आपल्याला दिसलं नसंल. जेवण गोड लागंना त्याला."

बाहेर दळणाची चक्की सुरू होती, तिचा आवाज तेवढा येत होता.

"पिशवी फाटली न्हवती," राजेश्री म्हणाली.

दोघी तिच्याकडं वळल्या.

"मी उपडी केली. राख बी मीच लावली. घर लख्ख व्हतं."

लक्ष्मीबाईच्या हातातला पेला तसाच राहिला. नर्मदाबाईनं विचारलं, "कामून पर?"

"लय स्वच्छ व्हतं म्हणून," राजेश्री म्हणाली. बोलल्यावर तिला स्वतःलाच ते खुळ्यासारखं वाटलं. पण दुसरं काही सांगता येईना. "आमच्या घरात तुमच्या लेकीचं नाव लय निघतं. मी आले त्या दिसापासनं."

नर्मदाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग लक्ष्मीबाईकडं पाहिलं. लक्ष्मीबाई पेल्यातल्या पाण्याकडं बघत होती.

"उठा आता. तुमची गाडी चुकंल," नर्मदाबाई म्हणाली.

चहा झाला नाही. दारातून निघताना सवाष्णीला कुंकू लावतात, तेही तिनं लावलं नाही. दोघी पायरी उतरल्यावर मात्र तिनं राजेश्रीला थांबवलं. "जावयाला मी न्हाई सांगणार. तूच सांग. नंबर तुमच्याकडं असंलच."

परतीच्या गाडीत लक्ष्मीबाई पुन्हा खिडकीशी बसली. राजेश्रीला वाटलं, आता घरी गेल्यावर आकाशपाताळ एक होणार. पण अर्धा रस्ता सरल्यावर सासूनं तिच्याकडं न बघताच विचारलं, "मी म्हणायचे ते तुला एवढं लागत व्हतं?"

"लागत व्हतं."

"सांगायचं की मग."

सासूला असं सांगता येतं हे राजेश्रीला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाई काठी टेकत मालनबाईच्या वस्तीवर गेली. राजेश्रीही मागोमाग निघाली होती, पण तिला तिनं बांधावरच परत फिरवलं. तिथं तिनं काय सांगितलं ते मग मालनबाईकडूनच कळलं. म्हाताऱ्या डोळ्यांनी घोटाळा केला म्हणाली. घाण दुसऱ्याच पाहुण्यांची होती, वालूरच्या पोरीची न्हाई. सुनेचं नाव तिनं घेतलं नव्हतं.

योगीराजला राजेश्रीनं स्वतः सांगितलं. तो म्हशीला पाणी दाखवत होता. ऐकून घेतलं, बादली खाली ठेवली, आणि त्याचा चेहरा असा झाला की ती दोन पावलं मागं सरली.

"त्या माणसानं आपली मोरी घासली आन् तू त्याचं नाव खराब केलंस? लाज कशी न्हाई वाटली?"

"वाटली."

"कधी?"

तिनं खरं सांगितलं. "उशिरा वाटली."

तो बांधापर्यंत गेला, परत आला. "मला ठाऊक व्हतं, ती येणारै ते," तो म्हणाला. "नागेशरावांनी फोनवर बायकोचं माहेर सांगितलं व्हतं. तुला खोटं बोललो."

राजेश्रीच्या अंगात पुन्हा ती कळ उठली, ओळखीची. "मग कामून येऊ दिलं?"

"तिनं बघावं वाटलं. नोकरीवाला पाहिजे म्हणून मला नको म्हणली व्हती. म्हणलं, ये, बघ. माझं बी काय वाईट झालं न्हाई. शेत हाय, तलाव हाय, खोल्या हायत." तो थांबला. "तू हायस."

खोल्यांच्या नंतर आपला नंबर लागला, हे तिच्या लक्षात आलं. पण लागला. एवढी वर्षं याच्या मनात अजून तीच आहे असं समजून ती कुढायची. आणि हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून धुरात बसला होता, तो त्या नकाराचं उट्टं काढायला. तिला हसावं की रडावं कळेना. तिनं बादली उचलली आणि म्हशीपुढं ठेवली.

फोन करायला तिनं आणखी तीन-चार दिवस लावले. रोज दुपारी फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. शेवटी एका रविवारी, संध्याकाळ व्हायच्या आधी, ओसरीत बसून तिनं नंबर लावला. योगीराज पलीकडं बाजेवर पडून होता.

"हॅलो, नागेश बोलतोय."

तिनं नाव सांगितलं. मग न थांबता सगळं सांगून टाकलं, कारण थांबली असती तर पुढं बोलता आलं नसतं. पिशवी मी उपडी केली, राख मी लावली, गावात बोलणं माझ्यामुळं झालं, तुमी मला माफ करा. आता हा माणूस काय बोलेल ते ऐकायला तिनं डोळे मिटून घेतले.

"म्हणजे," नागेश सावकाश म्हणाला, "आम्ही निघालो तेव्हा सगळं स्वच्छ होतं?"

"लख्ख व्हतं."

"बाथरूमची जाळीसुद्धा?"

"जाळी बी."

"बरं झालं. मला वाटत होतं, जाळीचंच राहिलं असेल." त्यानं श्वास सोडल्याचं तिला ऐकू आलं. मग तो जरा थांबून म्हणाला, "पण ताई, असं करायला नको होतं तुम्ही. साक्षीला फार लागलं. ती म्हणाली, त्यांना माझी रांगोळी आवडली नाही का."

"तिला सांगा, लय चांगली व्हती," राजेश्री कसंबसं म्हणाली. "पुढच्या साली हुरड्याला या. मी काढते तिच्या संगं."

"बघू," तो म्हणाला. येतो म्हणाला नाही.

मागून राजनंदिनीचा आवाज आला, कोण आहे रे. 'रे' म्हणाली. नागेशनं फोन जरा बाजूला धरून सांगितलं, "बोरीच्या ताई आहेत. तू उठू नकोस, बस, चहा मी टाकतो." मग पुन्हा फोनवर येऊन म्हणाला, "ठेवू का ताई?"

फोन बंद झाला तरी राजेश्री तो कानाशी धरून बसली होती. केलेल्याची लाज होती, ओझं उतरल्याचं बरंही वाटत होतं, आणि त्या दोन्हींच्या खाली कुठंतरी ते पहिलं पुन्हा सुरू झालं होतं. जळत होतं. हात लावून दाखवता येईल इतकं.

"चहा झाला का गं?" बाजेवरून योगीराजनं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "तुमी टाका आज."

तो मान वर करून तिच्याकडं बघत राहिला. ती काही आणखी बोलते का याची त्यानं वाट पाहिली. ती बोलली नाही, उठलीही नाही. शेवटी तो बाजेवरून पाय खाली सोडून उठला आणि आत गेला. बराच वेळ डबे उघडल्या-झाकल्याचे आवाज येत राहिले. चहापत्ती कुठं असते ते त्याला माहीत नव्हतं. राजेश्रीनं ते ऐकलं, पदर नीट केला आणि भिंतीला टेकून बसली. सांगितलं मात्र नाही.